गर्ट्रूड करणाऱ्या भाचीला

चि. मनू,


'हॅम्लेट'मध्ये तुला गर्ट्रूड, म्हणजे हॅम्लेटची आई, मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. पाठोपाठ तुझा मेसेज : "मावशी, ती दोषी आहे की नाही, एकदाचं सांग." नाही सांगणार. शेक्सपिअरनेच ते मोकळं सोडलंय. १६०३ साली छापलेल्या तोकड्या आवृत्तीत राणी शपथेवर सांगते की पहिल्या नवऱ्याच्या खुनाची मला कल्पना नव्हती, वर मुलाला साथ द्यायचं वचनही देते. नंतरच्या मोठ्या आवृत्तीत ती शपथ नाही. राजाला मारल्याची गोष्ट कानावर पडताच ती तेच शब्द उलट विचारते, बस्स. त्यात अज्ञान आहे की धास्ती, ते तू ठरव. पण 'कैदाशीण' किंवा 'बिचारी' असा शिक्का मारून तालमीला उभी राहू नकोस.

तिच्याबद्दलचं आपलं मत बहुतेक हॅम्लेटच्या तोंडून आलेलं असतं. त्याचं दुःख खरं, पण या प्रकरणात तो फिर्यादी आहे. तिचे स्वतःचे संवाद वेगळे काढ, थोडेच निघतील. दुसऱ्या अंकात पोराच्या वेडाचं कारण शोधणाऱ्या क्लॉडियसला, आताच्या राजाला, म्हणजे दुसऱ्या नवऱ्याला, ती सरळ सांगते, बापाचं मरण आणि आपलं घाईचं लग्न, दुसरं काय असणार? मुलाने तिला फैलावर घेण्याच्या कितीतरी आधी. बाई बावळट नाही.

चौथ्या अंकातली एक जागा मात्र घोटून घे. पोलोनियसचा मुलगा लेअर्टीस बापाच्या मरणाचा जाब विचारायला चाल करून येतो. राजा बायकोला दोनदा म्हणतो, सोड त्याला. म्हणजे तिने त्याला धरलंय! ही रंगसूचना संवादातच दडलीय, भलेभले दिग्दर्शक ती गाळतात. बाप कुठाय, या प्रश्नावर राजा म्हणतो, मेला. आणि ही चटकन मध्ये पडते : पण यांनी नाही मारला. नवरा वाचला. मग मारला कोणी? पोलोनियसला पडद्याआड भोसकलं हॅम्लेटने, हिच्याच खोलीत, हिच्यादेखत. तो वेडाच्या भरात आहे, केल्याबद्दल रडतोय, असं सांगून जिला मुलाला पाठीशी घालावं लागलं, तिच्याच बोलण्याने आता संशय त्याच्याकडे वळतोय. हे तिच्या लक्षात येतं का? आलं तर केव्हा? मी असते तर तिथे हातांनी खेळले असते. लेअर्टीसवरची पकड नेमकी कुठल्या शब्दाला ढिली करायची, ते तालमीत शोध.

शेवटचा तो विषाचा पेला. ऑलिव्हिएच्या १९४८ च्या चित्रपटात (हॅम्लेटही तोच) आयलीन हर्ली पेल्याकडे अशी बघते की हिला सगळं उमगलंय. काम सुरेख, पण तू त्या वाटेने जाऊ नकोस. मुलासाठी जाणूनबुजून मरणारी आई दिसली की आपले प्रेक्षक मागचं सगळं माफ करून मोकळे होतात. त्यापेक्षा खुशीत असलेली आई कर. पोरगा जिंकतोय, घाम पुसायला तिने रुमाल पुढे केलाय, आणि नवऱ्याने भर दरबारात नको म्हटलेलं तिला आज ऐकायचं नाही.

आणि हो, केस पांढरे करायच्या फंदात पडू नका. हर्ली तिच्या त्या 'मुला'पेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान होती.

प्रयोगाची तारीख कळव. काकाही येतो म्हणतायत.

तुझी,
मावशी