सहा एअरबॅगा आहेत, मग पट्टा कशाला?

वरील प्रश्न मला राहूतल्या दवाखान्यात अलीकडे वारंवार ऐकू येतो. विचारणारे अडाणी नसतात. चांगले शिकले-सवरलेले, नुकतीच नवी गाडी घेतलेले बागाईतदार असतात. म्हणून आज त्याचाच विचार करू.

धडक बसली की गाडी थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. पट्टा त्याला छातीच्या व कमरेच्या हाडांवर धरून ठेवतो. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसेल तर माणूस त्या फुगणाऱ्या पिशवीवरच आदळतो आणि मान, चेहरा, छाती यांना इजा होते. पिशवी पट्ट्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. चालकाची छाती स्टिअरिंगपासून किमान दहा इंच दूर हवी, आणि लहान मूल पुढे मांडीवर मुळीच नको.

पट्टा न लावल्यास गाडी पिपाणी वाजवते. ती गप्प करायला नुसती क्लिप खोचणारे महाभाग आहेतच! अशा क्लिपा विक्रीतून काढण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना द्यावा लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी भारी होती, पण मागे बसलेले दोघे दगावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे वाचले.

दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. सुरक्षिततेची साधने आली की पाय आपोआप जड होतो. जर्मनीत म्युनिक शहरातील टॅक्सींवर १९८० च्या दशकात अभ्यास झाला. काही टॅक्सींना एबीएस ब्रेक होते, काहींना नव्हते. अपघातांचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, कारण एबीएसवाले चालक अधिक बेदरकारपणे चालवू लागले होते. ब्रेकने दिलेली सवलत त्यांनी वेगात खर्च केली.

आपल्याकडे गळीत हंगामात रात्री काय होते ते वाचक जाणतातच. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ताशी ८० कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्या वेळात कोणतेही यंत्र तुमचे डोळे होत नाही. त्यातून चालक साखरेच्या गोळ्या घेणारा व उपाशी असेल तर हा वेळ आणखी वाढतो.

एबीएसबद्दल एक सूचना. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर होते. पुष्कळजण घाबरून पाय उचलतात. तसे करू नये. ब्रेक पूर्ण दाबून धरावा व स्टिअरिंगने गाडी वळवावी. सुट्या मुरुमावर मात्र एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकते, तिथे वेग आधीच कमी हवा.