नंबर वाचण्याआधी लोखंड वाचा

जुन्या गाडीच्या व्यवहारात इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळला की घेणारा निर्धास्त होतो. माझा अनुभव सांगतो की खरी तपासणी तिथूनच सुरू करायला हवी. कोणता नंबर असायला हवा हे बनावट करणाऱ्यालाही आपल्याइतकंच पाठ असतं, आकड्यांत तो सहसा चुकत नाही. त्याला जड जातं ते वेगळंच. मूळ इंजिनावरचे ठसे दोन गावांतल्या दोन कारखान्यांत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी उमटवलेले असतात. ते सगळे एकाच माणसाने एका बैठकीत उमटवले, तर लोखंड ते लपवत नाही.

माझं कामाचं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं, आधी पिंपरीला आणि नंतर मिशिगनमध्ये. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी जुनी अमेरिकन गाडी घ्यायला निघालं की मला हाक येते. असाच एका मित्राचा फोन आला. १९६७ची शेवरोले कॉर्व्हेट, कन्व्हर्टिबल, ४२७ घन इंचांचं ४३५ अश्वशक्तीचं इंजिन. शेजारच्या राज्यातल्या एका डीलरकडे ती उभी होती. विसार द्यायचा एवढंच बाकी होतं आणि ती रक्कम मित्राच्या निवृत्तीच्या पुंजीतून जाणार होती. "नंबर जुळतायत, मी स्वतः बघितलेत. तू फक्त एकदा नजर टाक," तो म्हणाला.

या गाडीत एवढा पैसा का अडकतो हे आधी समजून घ्यायला हवं. १९६७ सालच्या एकूण २२,९४० कॉर्व्हेट बनल्या, त्यांतल्या ३,७५४ गाड्यांत हे ४३५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. उरलेल्या बऱ्याचशा गाड्यांत ३२७ घन इंचांचं लहान इंजिन होतं. त्या वर्षीच्या गाडीच्या नंबरात, ज्याला अमेरिकेत व्हीआयएन म्हणतात, इंजिन कोणतं होतं याचा उल्लेखच नाही. तो अंक १९७२पासून आला. बॉनेट, तीन कार्बोरेटर, बाहेरची चिन्हं हे सगळं विकत मिळतं. म्हणजे साधी गाडी घेऊन तिच्यात मोठं इंजिन बसवलं, नंबर उमटवले, की तीच गाडी कितीतरी जास्त किमतीला विकता येते. आपल्याकडे आरसी बुकात चासी नंबराबरोबर इंजिन नंबरही लिहिलेला असतो. अमेरिकेतल्या मालकीच्या कागदावर फक्त गाडीचा नंबर असतो. त्यामुळे इंजिन मूळचं आहे की नाही, याची साक्ष मुख्यतः इंजिनच देतं.

ही साक्ष असते एका चिंचोळ्या सपाट जागेवर. तिला पॅड म्हणतात. चालकाच्या जागेवरून पाहिलं तर उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशी, हेडखालून ब्लॉकचा जो थोडा भाग बाहेर डोकावतो, तोच हा पॅड. त्यावर दोन ठसे. पहिला इंजिन कारखान्याचा. ४२७चं इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला जुळवलं जायचं, म्हणून सुरुवातीला टी हे अक्षर, मग महिना आणि तारखेचे चार अंक, शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरं. ४३५ अश्वशक्तीसाठी ती जेई. दुसरा ठसा गाडीच्या कारखान्याचा. ते इंजिन हजार किलोमीटरहून लांब, मिझुरीतल्या सेंट लुईसला जायचं आणि तिथे गाडीच्या नंबराचे शेवटचे सहा अंक, त्यांच्याआधी वर्षाचा ७, असा ठसा त्याच पॅडवर उमटायचा.

डीलरने आम्हाला जाड फाइल दिली. गाडी खोलल्यापासून रंग होईपर्यंतचे फोटो, बिलं, सगळं नीटनेटकं. मी ती बाजूला ठेवली आणि बॉनेट उघडायला सांगितलं. टी होता, तारीख ऑक्टोबरची होती, जेई होतं, सहाही अंक बरोबर होते. मित्राने माझ्याकडे बघून मान हलवली.

मग मी बॅटरी घेतली आणि उजेड वरून टाकण्याऐवजी पॅडच्या पातळीत, अगदी आडवा धरला. कारखान्यात ब्लॉकची वरची बाजू ब्रोचने सपाट करत. अनेक दात असलेलं लांब हत्यार एका फेरीत पृष्ठभाग तासून जातं आणि मागे इंजिनाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेषा सोडतं. या पॅडवर रेषा होत्या. पण काही रेषा टोकाशी किंचित वळत होत्या, आणि एकीची खोली दुसरीशी जुळत नव्हती. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने ओढला की अशा रेषा पडतात.

मी नख पॅडवरून हेड गॅस्केटच्या कडेपर्यंत नेलं. पॅड आणि हेडखालचा पृष्ठभाग मुळात एकच असतो, एकाच फेरीत तासलेला. तिथे नख अडायला नको. ते अडलं. लहान पोलादी पट्टी उभी टेकवली तर तिच्याखालून उजेड दिसला. पॅड तेवढाच खाली गेलेला होता, म्हणजे जुना नंबर घासून काढलेला होता.

आता भिंग घेऊन मी दोन्ही ठशांतला १ पाहिला, मग ७. टोनावांडाचा आणि सेंट लुईसचा पंच एकच असण्याचं कारण नाही. अंकांची उंची, वळण, जाडी, खोली यांत काही ना काही फरक पडतोच. इथे दोन्ही ठशांतल्या १च्या पायथ्याशी डाव्या बाजूला तोच एक बारीक टवका होता. एकाच पंचाने दोन्हीकडे काम केलं होतं.

शेवटी गाडी लिफ्टवर घ्यायला लावली आणि ब्लॉकच्या बाजूवरची ओतकामाची तारीख शोधली. ती पंच केलेली नसते, साच्यातूनच उठावाच्या अक्षरांत येते, त्यामुळे बदलणं अवघड. महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. मळ पुसल्यावर दिसलं: सी १४ ७. सी म्हणजे मार्च. ब्लॉक १४ मार्च १९६७ला ओतलेला. पॅडवरची तारीख मात्र ऑक्टोबरची आणि गाडीचा अनुक्रमांक १९६७ मॉडेलच्या हंगामाच्या सुरुवातीचा; तो हंगाम आदल्या शरदातच सुरू व्हायचा, म्हणजे गाडी १९६६च्या शरदात बनलेली. गाडी रस्त्यावर आल्यावर पाच महिन्यांनी तिचं इंजिन ओतलं गेलं, असं ते लोखंड सांगत होतं.

डीलर म्हणाला, "माझ्याआधी कितीतरी हातांतून गेलीय, कुणी असं बोललं नाही." ते खरंही असेल. त्याच्याकडे ती तशीच आली असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण किंमत त्या ठशाच्या आधारावर उभी होती आणि ठसा खोटा होता. मित्राने विसार दिला नाही.

त्यानंतर मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो.

पॅड साफ करताना संयम ठेवा. मऊ फडकं आणि ब्रेक क्लीनरसारखं द्रावण एवढंच वापरा. तारेचा ब्रश, स्क्रेपर, पॉलिश पेपर यांना हातही लावू नका. त्या बारीक रेषाच आपला पुरावा असतात. उत्साहाच्या भरात खऱ्या पॅडच्या रेषा पुसल्या गेल्या की खरी गाडीही संशयित ठरते. मालकाने परवानगी दिल्याशिवाय काहीच पुसायचं नाही, हेही आलंच.

उजेड नेहमी आडवा टाका आणि दोन-तीन दिशांनी टाका. वरून पडलेल्या उजेडात अंक दिसतात, पृष्ठभाग दिसत नाही.

रेषांनंतर अंकांच्या कडा पाहा. पंच ठोकला की लोखंड बाजूला सरकतं आणि अंकाभोवती किंचित उठाव येतो, त्याला आमच्याकडे बर म्हणतात. ठोकण्याआधीच्या ब्रोचच्या रेषा या उठावापर्यंत येऊन मोडल्यासारख्या दिसतात. रेषा उठावावरूनच सलग गेल्या असतील, तर ठोकल्यानंतर कुणीतरी पॅड घासला आहे. आणि फार देखणा ठसा बघून भुलू नका. कारखान्यातला कामगार घाईत असायचा, म्हणून एखादा अंक उथळ, एखादं अक्षर थोडं दोनदा उमटलेलं, हे खऱ्यात सापडतं. सगळे अंक सारख्या खोलीचे, मोजून मापून बसवलेले दिसले, तर दोनदा बघा.

दोन ठसे वेगवेगळे वाचा. आधी एक झाका आणि दुसरा पाहा, मग उलट करा. दोन्हीत असलेले अंक निवडा आणि आकार जुळवा. इथे जुळणं हाच धोका आहे.

मग तारखांची साखळी लावा. आधी ब्लॉक ओतला, नंतर इंजिन जुळवलं, त्यानंतर गाडी बनली. हा क्रम मोडता कामा नये. ओतकाम आणि जुळवणी यांत काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचं अंतर सर्वसाधारण, कधी काही महिनेही. पॅडवरच्या तारखेत वर्ष नसतं, हे लक्षात ठेवा. ते ओतकामाच्या तारखेतून आणि गाडीच्या नंबरातून काढावं लागतं. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतलेला भाग क्रमांकही नोंदवा, पण केवळ त्यावर विसंबू नका. लहान इंजिनाचा ३९७००१० हा क्रमांक १९६९पासून दहा वर्षांहून अधिक काळ असंख्य शेवरोले गाड्यांत आला, त्यामुळे तो जुळला म्हणून फारसं काही सिद्ध होत नाही.

इंजिनाबाहेरचे पुरावेही मागा. १९६७च्या कॉर्व्हेटमध्ये पेट्रोलच्या टाकीच्या वर कारखान्यातला तपशिलाचा कागद चिकटवलेला असायचा. तो टिकला असेल आणि वाचता येत असेल, तर मोलाचा. पॉन्टिअॅक घेणाऱ्याला मूळ नोंदींची प्रत मिळवता येते, अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेवरोलेची तशी सोय नाही. म्हणून १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीसारख्या संस्थेतले जाणकार गाठा. आपल्या गाडीच्या आसपासच्या अनुक्रमांकाच्या, निर्विवाद मूळ गाड्यांचे पॅड कसे दिसतात, याचे फोटो त्यांनी पाहिलेले असतात. तुलनेशिवाय एकट्या पॅडवर ठाम मत देऊ नये, मीही देत नाही. जाणकाराची फी गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असते, आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कोरा पॅड म्हणजे फसवणूक नव्हे. जुन्या काळी हेड गॅस्केट गेली की गॅरेजवाला ब्लॉकला फेसिंग मारायचा, म्हणजे वरची बाजू पुन्हा तासायचा, आणि त्यात नंबर सहज उडून जायचा. तेव्हा त्या नंबराला कुणी किंमत देत नव्हतं. वॉरंटीत बदललेल्या ब्लॉकवर सीई ही अक्षरं सापडतात, तीही प्रामाणिक खूण आहे. अशी गाडी तिच्या रास्त किमतीला जरूर घ्या, मनसोक्त चालवा. मात्र तिच्यावर "हरवलेला" नंबर पुन्हा उमटवून घ्यायचा मोह टाळा. आपल्याला तो स्वतःपुरता वाटतो, पण गाडी आपल्यापेक्षा जास्त जगते. पुढच्या मालकाच्या हातात तो ठसा पुरावा म्हणून जातो आणि त्या ठशापायी त्याचे पैसे बुडतात.

महाराष्ट्रात जुनी जीप, बुलेट किंवा फियाट घेणाऱ्यालाही हे लागू आहे, फक्त तिथे प्रश्न किमतीबरोबर कायद्याचाही आहे. आरटीओत चासी नंबरावर कागद धरून पेन्सिलने छाप काढतात, तशी छाप व्यवहाराआधी तुम्हीही काढा. अंकांची ओळ सरळ आहे का, अंतर सारखं आहे का, आजूबाजूला घासल्याच्या खुणा आहेत का, हे त्या छापेत डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसतं. इंजिन बदललं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. घासलेल्या नंबराखालचं पोलाद ठोकताना दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे न्यायवैद्यक प्रयोगशाळा आम्लाची प्रक्रिया करून बऱ्याचदा जुने अंक पुन्हा वर आणू शकतात. ते अंक चोरीच्या गाडीचे निघाले, तर गाडी जप्त होते आणि पैसे गेलेले असतात. "साहेब, जुनी गाडी आहे, गंजामुळे तसं दिसतं," असं कुणी म्हणालं, तर गंज आणि घासणं यांतला फरक जाणकाराला दाखवा आणि मगच विसार द्या.

विकणाऱ्यांनाही तितकंच सांगणं आहे. तुम्हाला ठाऊक असलेलं लेखी द्या: ब्लॉक मूळचा आहे, बदललेला आहे, फेसिंगमध्ये नंबर गेला आहे, जे असेल ते. किंमत थोडी कमी येईल. पण माझ्या मित्राच्या हातात असं एक पान त्या जाड फाइलीऐवजी पडलं असतं, तर रास्त किमतीला तीच गाडी त्याने आनंदाने घेतली असती.