घरबसल्या सागरपर्यटन : काय पाहावे, कोणाच्या पाठीशी उभे राहावे

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो मैल दूर. समुद्राची गाज ज्यांनी आयुष्यात एकदाही ऐकली नाही, अशी माणसे आपल्या घराघरांत आहेत. तरीही अलीकडे संध्याकाळी एखाद्या घरी डोकवावे, तो मुले भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर शिडाच्या नौका पाहण्यात गढून गेलेली दिसतात. कोणी दोघे-तिघे एका नौकेत बसून देशोदेशी हिंडत असतात आणि आपल्या प्रवासाच्या चित्रफिती यूट्यूबवरील स्वतःच्या वाहिनीतून आठवड्याच्या आठवड्यास प्रसिद्ध करीत असतात. ते पाहून घरातील वडील माणसे विचारतात, "अरे, या समुद्राचा आणि आपला संबंध तो काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

संबंध आहे, आणि तो दोन प्रकारांनी आहे. पहिला पाण्याचा. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी आपली पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. म्हणजे आपल्या शिवारातून ओघळून पैनगंगेस मिळालेले पावसाचे पाणी अखेर समुद्रालाच जाऊन मिळते. दुसरा संबंध कापसाचा. आपला जिल्हा कापसाचा. आज नौकांची शिडे बहुतकरून पॉलिएस्टरच्या कापडाची असतात. परंतु हे कापड सुमारे १९५० नंतर प्रचारात आले. त्यापूर्वी जगातील शिडे अंबाडीसारख्या धाग्याची अथवा कापसाची असत. ज्या बोंडाचे ढीग आपण हिवाळ्यात बाजाराच्या आवारात पाहतो, त्याच जातीच्या धाग्याने एके काळी वारा अडवून माणसास समुद्रापार नेले. तेव्हा शीड ही काही आपल्याला अगदीच परकी वस्तू नव्हे.

आता मुख्य प्रश्न असा की, या असंख्य चित्रफितींपैकी पाहण्याजोगी कोणती, आणि आपला वेळ, आपली शाबासकी व प्रसंगी पैसा द्यावा तो कोणास? निळे पाणी, मावळता सूर्य आणि हसतमुख प्रवासी एवढेच जीत असेल, ती चित्रफीत दिवाळीच्या भुईनळ्यासारखी : क्षणभर डोळे दिपतात, मग हाती काहीच उरत नाही. आमच्या मते चांगल्या चित्रफितीच्या तीन कसोट्या आहेत. तिच्यात श्रम दिसावेत, तिच्यापासून ज्ञान मिळावे, आणि तिच्यात सत्य असावे.

प्रथम श्रमाविषयी. 'टॅली हो' नावाची एक लाकडी नौका १९१० साली इंग्लंडात बांधली गेली. १९२७ साली तिने फास्टनेटची प्रसिद्ध शर्यत जिंकली. पुढे ती जीर्ण होऊन पडली. लिओ गूल्डन या तरुण नौकाकारागिराने २०१७ साली ती नाममात्र किमतीस घेतली आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तिची पुनर्बांधणी आरंभिली. प्रत्येक तुळई कशी कापली, प्रत्येक फळी वाफेवर मऊ करून कशी वाकविली, हे तो चित्रफितींतून दाखवीत गेला. दूरदूरच्या प्रेक्षकांनी यथाशक्ति वर्गणी धाडली आणि २०२४ साली ती नौका पुन्हा पाण्यात उतरली. येथे प्रेक्षकाचा पैसा कोठे गेला, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत होते. आपल्या गावचा सुतार गाडीचे चाक भरताना ज्याने लक्ष देऊन पाहिले असेल, त्याला या चित्रफितींतील गोडी निराळी सांगावयास नको.

दुसरी कसोटी ज्ञानाची. पुस्तकातील काही गोष्टी वाचून मनात नीट उतरत नाहीत. त्या पाहाव्याच लागतात. वारा समोरून येत असता शिडाची नौका पुढे कशी जाते, ही त्यांपैकी एक. ती थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. परंतु वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून ती काही वेळ उजवीकडे, मग वळून काही वेळ डावीकडे, अशी नागमोडी चालत इष्ट दिशेस सरकते. फुगलेल्या शिडावरून वाहणारा वारा तिला ओढतो आणि पाण्याखालील तिचा जड कणा तिला आडवे घसरू देत नाही. घाट चढताना रस्ता सरळ वर न जाता वळणे घेत जातो, तसाच हा प्रकार. चांगला नाविक हे करताना दोर कोणता सोडला, सुकाणू किती फिरविले, हे थांबून सांगतो. असा नाविक हा शिक्षकच होय.

ज्ञानाची खरी खूण अशी की ते आपणांस पडद्यापासून उठवून अंगणात नेते. नाविक ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजून आपले स्थान ओळखीत, असे एखाद्या चित्रफितीत तुम्ही पाहिले, तर त्याच रात्री एक प्रयोग करा. हात लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. आपल्या गावातून उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेजवळ ध्रुवतारा दिसेल. कारण आदिलाबादचे अक्षांश २० अंशांहून किंचित कमी आहेत आणि ध्रुवाची उंची जवळजवळ अक्षांशांइतकीच असते. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले, तर त्यांतील एका भागाचे पृथ्वीवरील अंतर म्हणजेच सागरी मैल. तो १,८५२ मीटरांचा मानतात. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस गेले की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि तेथे नाविकास मध्यान्हीचा सूर्य व इतर तारे यांचा आधार घ्यावा लागतो. भूगोलाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यासही हे शिकविण्याचे सामर्थ्य या माध्यमात आहे.

तिसरी कसोटी सत्याची, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. ती समजण्यासाठी एक जुनी हकिगत सांगितली पाहिजे. १९६८ साली इंग्लंडातील एका वृत्तपत्राने एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे 'सुहेली' नावाच्या ३२ फुटी नौकेतून निघाले. ही नौका आपल्या मुंबईत, सागवानी लाकडाची बांधलेली होती. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते परत पोहोचले आणि असा प्रवास पूर्ण करणारे पहिले मानव ठरले.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे गृहस्थ होते. नौकेसाठी उभ्या केलेल्या पैशापायी त्यांचे घर व धंदा गुंतला होता. नौका मात्र महासागरास तोंड देण्याइतकी सिद्ध झालेली नव्हती. मागे फिरावे तर दिवाळे, पुढे जावे तर जलसमाधी! अशा पेचात सापडून ते अटलांटिक महासागरातच रेंगाळत राहिले आणि बिनतारी यंत्रावरून खोटी प्रगती कळवू लागले. लोकांस ती खरी वाटली. वृत्तपत्रांनी वाहवा केली. जितकी वाहवा वाढली, तितका परतीचा मार्ग बंद होत गेला. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका रिकामी तरंगताना आढळली. ते पुन्हा कोणास दिसले नाहीत. नौकेवरील रोजनिशांवरून सारे सत्य उघड झाले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले ५,००० पौंडांचे पारितोषिक क्रोहर्स्ट यांच्या निराधार कुटुंबास देऊन टाकले.

या कथेत दोष एकट्या क्रोहर्स्ट यांचा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. दूर बसून टाळ्या वाजविणारे आणि केवळ पराक्रमाचीच वार्ता मागणारे लोकही त्यात थोडेबहुत वाटेकरी होते. आज तर प्रेक्षकाची आवड क्षणोक्षणी आकड्यांत मोजली जाते. वादळाच्या चित्रफितीस लाखो प्रेक्षक आणि दोर दुरुस्त करण्याच्या चित्रफितीस मूठभर, असे झाले तर नाविकाला वादळात शिरण्याचा मोह होईल. म्हणून "आज हवा बरी नव्हती, आम्ही बंदरातच थांबलो" असे जो सांगतो, त्याची चित्रफीत अखेरपर्यंत पाहणे हेही एक सत्कार्य आहे.

आपल्या देशातील उदाहरणे या कसोटीस उतरणारी आहेत. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. सातारा जिल्ह्यात फलटणजवळील विंचुर्णी हे त्यांचे गाव. तेही आपल्यासारखेच समुद्रापासून दूरचे. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी हे आव्हान स्वीकारले आणि पूर्वतयारीसाठी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन धडे घेतले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. वाटेत चार बंदरांत ते थांबले, आणि थांबलो हे त्यांनी लपविले नाही. प्रवासाची हकिगत ते संगणकावरून वेळोवेळी लिहून प्रसिद्ध करीत. पुढे त्यांनी तिचा ग्रंथही लिहिला. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. हेच टॉमी २०१८ सालच्या शर्यतीत हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीस जबर इजा होऊन पडले होते; फ्रेंच जहाजाने त्यांस वाचविले. पुन्हा उभे राहून, २०२२ साली सुरू झालेल्या शर्यतीत त्यांनी २०२३ साली दुसरा क्रमांक मिळविला.

आमच्या विद्यार्थिनींनी 'तारिणी' नौकेची कथा तर अवश्य पाहावी. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्यांच्यातील ऐश्वर्या बोड्डपाटी आपल्या तेलंगणातील हैदराबादच्या. वर्तिका जोशी उत्तराखंडाच्या आणि प्रतिभा जामवाल हिमाचल प्रदेशाच्या. या तिन्ही राज्यांस समुद्रकिनारा नाही! परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा मॉरिशसला थांबून त्यांनी ती दुरुस्त करविली. या प्रवासावर २०१९ साली माहितीपटही प्रसिद्ध झाला. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. व रूपा ए. या दोघीच 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या.

राहिला प्रश्न पाठिंब्याचा. वाहिनी चालविणाऱ्यांस जाहिरातींचा वाटा मिळतो, व्यापाऱ्यांकडून सामान मिळते आणि काही प्रेक्षक दरमहा वर्गणी देतात. जो नाविक "ही वस्तू मला फुकट मिळाली आहे" असे स्पष्ट सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो ते लपवितो, त्याच्या स्तुतीवर ठेवू नये. विद्यार्थ्यांनी पैसे पाठविण्याच्या भरीस पडू नये; तो निर्णय घरातील वडील माणसांनी, आपली ऐपत पाहून, करावा. विद्यार्थ्याजवळ देण्यासारखे दुसरे धन आहे, ते म्हणजे त्याचे लक्ष. ते मोजके आहे. एक चांगली चित्रफीत पूर्ण पाहावी, तिच्यातील नवे शब्द वहीत टिपावे, नकाशावर मार्ग काढावा आणि शंका असल्यास विनयाने लिहून विचारावी. अभ्यास बुडवून दहा चित्रफिती पाहण्यापेक्षा हे अधिक. आणि हेही ध्यानात असू द्यावे की, वीस मिनिटांच्या चित्रफितीमागे कित्येक दिवसांचे कंटाळवाणे, ओलेचिंब कष्ट असतात. ते पडद्यावर न दिसले तरी घडलेले असतात.

या वाहिन्या बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठीत शीड, सुकाणू, नांगर, डोलकाठी, तांडेल असे शब्दांचे भांडार असताना ते वापरणारे नाविक पडद्यावर फार थोडे. ही उणीव उद्या आपल्यापैकी कोणी भरून काढील. त्याची सुरुवात पैनगंगेच्या काठीही होऊ शकते. पूल होण्यापूर्वी लोक नदी कशी उतरत, नाव कोण वल्हवी, पुरात काय होई, हे वृद्धांस विचारून लिहून ठेवा. मात्र एक नियम पाळा : जे घडले तेच लिहा, नाव अडकली असेल तर अडकली असेच लिहा.

वडील माणसांच्या त्या प्रश्नास आमचे उत्तर एवढेच. समुद्राशी आपला संबंध आहे. आणि पडद्यावरील नाविकाशी तर त्याहून जवळचा आहे, कारण आपण काय पाहतो यावर तो काय करील हे थोडेफार अवलंबून आहे. आपण सत्य पसंत केले, तर त्याला सत्य सांगणे सोपे जाईल.