झाडाच्या पाण्याची काकवी

गुऱ्हाळ तुम्हांला ठाऊकच आहे. घाण्यातून रस निघतो, काहिलीत पडतो, चुलाण पेटते, मळी निघते आणि गुळव्या पाकावर डोळा ठेवून उभा राहतो. पण ज्या मुलखात ऊसच होत नाही, तिथले शेतकरी काय करत असतील?

उत्तर अमेरिकेत व्हरमाँट नावाचे एक लहानसे डोंगराळ राज्य आहे. त्याच्या उत्तरेला कॅनडा देशाचा क्विबेक प्रांत. तिकडे हिवाळ्यात कमरेइतका बर्फ पडतो. ऊस तिथे काय तगणार? तरीही तिथे गुऱ्हाळे चालतात. ती चालतात झाडाच्या पाण्यावर.

या झाडाचे नाव मेपल. कॅनडाच्या निशाणावर जे तांबडे पान आहे, ते मेपलचेच. उन्हाळ्यात पाने अन्न तयार करतात आणि झाड ते आपल्या लाकडात साठवून ठेवते. थंडी सरत आली की त्यातल्या काहीची साखर होते व झाडातल्या पाण्यात उतरते. हे पाणी दिसायला विहिरीच्या पाण्यासारखे. चव जेमतेम गोड. उसाच्या रसात १०० भागांत १५ भागांहून जास्त साखर असते, यात अवघे २ भाग. म्हणून ४० घागरी पाणी आटवावे, तेव्हा हाती १ घागर काकवी लागते. चाळिसाला एक! गोरे लोक तिकडे जाण्याच्या आधीपासून तिथल्या मूळ रहिवाशांना ही विद्या येत होती.

हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस लागतो आणि एप्रिलात संपतो. चार ते सहा आठवडे, बस्स. त्यातही पाणी रोज येत नाही. रात्री पाणी गोठेल इतका गारठा हवा आणि दिवसा बर्फ वितळेल इतके ऊन हवे. गारठ्याने लाकडाच्या आत ओढ उत्पन्न होते व झाड मुळांतून पाणी वर घेते. दिवसा ऊब आली की आत दाब वाढतो आणि भोक पाडले असेल तिथून पाणी ठिबकू लागते. नुसता गारठा पडला तर थेंब नाही. रात्रीही ऊबच राहिली तर दोन-चार दिवसांत पाणी बंद. शेतकऱ्याचे लक्ष सारखे आभाळाकडे. ते दुखणे आपल्याला नवे नाही!

भोक पाडायचे तेही जपून. गिरमिटाने चार-पाच सेंटिमीटर खोल, आत किंचित चढते, म्हणजे पाणी बाहेर उतरते. त्यात तोटी ठोकायची आणि तोटीला झाकणाची बादली अडकवायची. एका भोकातून साऱ्या हंगामात सुमारे ४० लिटर पाणी येते. म्हणजे काकवी एकच लिटर. मग दहा भोके का पाडू नयेत? तर भोकाच्या आजूबाजूचे लाकूड कायमचे निकामी होते. पुढल्या वर्षी नवी जागा शोधावी लागते. बेताच्या झाडाला एकच भोक, फार मोठ्याला दोन. आणि झाड भोक पाडण्याजोगे जाड व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात. आजोबाने राखलेल्या झाडाचे पाणी नातू काढतो. आजोबाने हाव केली असती, तर नातवाला नुसते सरपण मिळाले असते.

पाणी आले की घरात कुणाला बसायला सवड नाही. पूर्वी पोरे बादल्या गोळा करत आणि घोडा बर्फावरून बिनचाकी गाडी ओढी. आता पुष्कळ ठिकाणी झाडाझाडाला प्लॅस्टिकच्या नळ्या जोडतात व पाणी उतारावरून आपोआप टाकीत येते. पण खारी त्या नळ्या कुरतडतात! म्हणून घरातले कुणी ना कुणी रोज बर्फ तुडवत नळ्या तपासत हिंडते. नीरा जशी उन्हात आंबते, तसे हे पाणीही बिघडते. म्हणून आलेले पाणी शक्यतो त्याच दिवशी आटवायचे, मग रात्र झाली तरी हरकत नाही.

आपल्याकडे चिपाडे वाळवून तीच चुलाणात घालतात. मेपलला चिपाड कुठले? लाकूड वर्षभर आधी फोडून, रचून, वाळवून ठेवावे लागते. भट्टीवर लांबलचक पसरट कढई असते, तिच्यात आडवे कप्पे. पाणी एका टोकाने शिरते, आटत आटत पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाला दाट होऊन येते. छपराला मध्ये उघडझाप करता येईल असे मोठे धुराडे ठेवतात. त्यातून वाफेचे लोट निघाले की शेजारीपाजारी ओळखतात, आज भट्टी लागली! फेस वर आला तर लोण्याचा एक लहानसा गोळा टाकतात. फेस लगेच बसतो. आपले गुळवे तेल शिंपडतात, तशातलाच प्रकार.

काकवी झाली हे कसे ओळखावे? पाणी ज्या उष्णतेला उकळते, त्याहून सुमारे ४ अंश जास्त चढले की झाली. जुनी माणसे पसरट उलथने बुडवून वर धरत. थेंब न पडता कडेवरून पापुद्रा लोंबू लागला की तयार. पण क्षणभर नजर हलली आणि पाणी कमी पडले, तर कढई करपते. माल जातो, कढईही जाते. आमच्या लहानपणी एका गुऱ्हाळावर पहाटे गुळव्याला डुलकी लागली होती. काहील करपली. त्या दिवशी तिथे कुणी कुणाशी बोलले नाही, एवढे आम्हांला आठवते. व्हरमाँटात तर कित्येक घरी गाईही असतात. मध्यरात्र उलटल्यावर भट्टी विझवायची आणि पहाटे धारांना उठायचे. आता मोठ्या शेतकऱ्यांकडे यंत्रे आहेत. ती बरेचसे पाणी आधीच गाळून काढतात. त्यामुळे लाकूड वाचते आणि जागरणही.

यातही मौज आहे बरं का. पोरे ताज्या बर्फावर कढत काकवी ओततात. ती थिजून चिकीसारखी चिवट होते. ती खाताना तोंडी लावायला काय घेतात? काकडीचे आंबट लोणचे! गोडाने तोंड मिटले की लोणच्याचा तुकडा, की पुन्हा गोड. आम्हांला हे वाचून हसू आले, पण विचार केला तर पटते.

पहिली काकवी पिवळसर, नाजूक चवीची. पुढे ती काळपट आणि उग्र होत जाते. झाडांचे डोळे फुगले की पाण्याची चव बिघडते आणि हंगाम सरतो. २०१२ साली मार्चमध्येच उन्हाळ्यासारखी ऊब पडली. झाडे वेळेआधी फुटली, आणि कित्येक घरांचे लाकूड रचलेलेच राहिले.

हंगाम सरला की तोट्या उपटतात. भोके बुजवत नाहीत. झाड ती आपली आपण भरून काढते. मग कढया घासायच्या, नळ्या धुवायच्या, आणि कुऱ्हाड घेऊन पुढल्या वर्षीच्या लाकडाला लागायचे.