लेखणी केव्हा उचलली जाते? : मनोविकार, गुन्हा आणि उत्तरदायित्व

अल्लाहने माणसाला बहाल केलेल्या देणग्यांमध्ये बुद्धीचे स्थान फार वरचे आहे. नमाज, रोजा, खरेदी-विक्री, साक्ष, शिक्षा या सर्वांसंबंधीचे शरीअतचे आदेश बुद्धीच्या पायावर उभे आहेत. म्हणूनच फिकहच्या ग्रंथांत 'मुकल्लफ' कोण, अर्थात आदेशांचे उत्तरदायित्व कोणावर येते, हे सांगताना 'आकिल' (बुद्धी शाबूत असलेला) आणि 'बालिग' (वयात आलेला) या दोन अटी प्रथम घातल्या जातात.

आता प्रश्न असा की, मनोविकाराच्या भरात एखाद्याने कोणाचा जीव घेतला, तर त्याला गुन्हेगार म्हणायचे काय? अशी बातमी वाचली की आपल्या घरांत या प्रश्नाला बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, "वेडाच तो, त्याला काय विचारायचे?" दुसरा म्हणतो, "वेडबिड काही नाही, शिक्षा चुकवण्याचे नाटक आहे." शरीअत ही दोन्ही उत्तरे चौकशीवाचून स्वीकारत नाही. चौकशी करणे हेच तिचे पहिले उत्तर आहे. प्रस्तुत पाठात हे उत्तर समजून घेऊ या.

हदीसने दिलेला मूलभूत नियम

अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक प्रसिद्ध हदीस आली आहे. तिचा आशय असा की, तीन व्यक्तींवरून लेखणी उचलली गेली आहे : झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेला शुद्धीवर येईपर्यंत. लेखणी म्हणजे कर्मांची नोंद करणारी लेखणी.

या हदीसमध्ये 'पर्यंत' हा शब्द तिन्ही ठिकाणी आहे, याकडे लक्ष द्यावे. सवलत ही माणसाच्या नावाला चिकटलेली नसून त्याच्या अवस्थेला जोडलेली आहे. झोपाळू माणूस दिवसभर निर्दोष ठरत नाही. तो झोपेत असतानाच लेखणी थांबते. तसेच मनोविकाराचे आहे. 'याला आजार आहे काय?' एवढ्याने भागत नाही. 'कृत्याच्या क्षणी याची बुद्धी शाबूत होती काय?' हा खरा प्रश्न आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतकाळात एका मनोविकारग्रस्त स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप येऊन तिच्या शिक्षेचा आदेश निघाला होता. वाटेत हजरत अली (रजि.) यांनी तिला माघारी नेण्यास सांगितले आणि खलीफांना उपरोक्त हदीसची आठवण दिली. हजरत उमर (रजि.) यांनी तत्काळ तिला मुक्त केले आणि ते तकबीर म्हणू लागले. अबू दाऊदमधील एका कथनात तर असेही येते की, कृत्य झाले तेव्हा ती आजाराच्या झटक्यात होती किंवा नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असे दोघांनीही म्हटले. अर्थात, क्षणाविषयी शंका उरली, तेव्हा शिक्षा थांबली. शंका असेल तर हद्दची शिक्षा टाळावी, हा फिकहचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो.

प्रेषितांची (स.) चौकशीची पद्धत

हजरत माइज (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर येऊन स्वतःच्या गुन्ह्याची वारंवार कबुली दिली. कबुली मिळाली, प्रकरण संपले, असे प्रेषितांनी (स.) मानले नाही. बुखारी व मुस्लिम यांच्यातील कथने एकत्र वाचली असता चौकशीच्या तीन पायऱ्या दिसतात. प्रथम खुद्द माइज (रजि.) यांना विचारले की, तुला वेड तर लागलेले नाही? मग त्यांच्या कबिल्याकडे विचारणा झाली की, याच्या बुद्धीत तुम्हाला काही उणे आढळले आहे काय? त्यांनी सांगितले की, आमच्या माहितीप्रमाणे याची बुद्धी उत्तम आहे. आणि नशा केली आहे काय, हे पाहण्यासाठी एका व्यक्तीने उठून त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

आरोपीशी संभाषण, निकटच्या लोकांकडून पूर्ववृत्त आणि नशेची पडताळणी ही ती त्रिसूत्री होय. आजचे न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञ याच तीन वाटांनी सत्याकडे जातात, हे पुढे दिसेल.

फिकहमधील सूक्ष्म भेद

फकीहांनी 'वेड' हा एकच ढोबळ शब्द वापरून काम भागवले नाही. अखंड टिकणारा 'जुनून' आणि अधूनमधून येणारा 'जुनून' असा भेद त्यांनी केला. दुसऱ्या प्रकारात माणूस शुद्धीवर असतानाच्या काळात केलेल्या कृत्यांना तो जबाबदार असतो. 'जुनून'पासून 'अतह', म्हणजे बुद्धीची मंदता व गोंधळ, वेगळा काढून हनफी फकीहांनी अशा व्यक्तीला समज आलेल्या मुलाच्या जागी ठेवले. उत्तरदायित्वातील अडथळ्यांचेही त्यांनी दोन वर्ग पाडले : अल्लाहकडून आलेले, ज्यांत वेड, झोप व बेशुद्धी मोडतात, आणि माणसाने स्वतः ओढवून घेतलेले, ज्यांत स्वेच्छेने केलेली नशा येते. पहिल्या वर्गात माणूस निरुपाय असतो. दुसऱ्या वर्गात दार त्याने स्वतः उघडलेले असते, म्हणून हनफी फिकहमध्ये 'मी नशेत होतो' ही सबब गुन्ह्यातून सोडवत नाही. फसवून वा बळजबरीने पाजले असेल तर गोष्ट वेगळी.

देशाचा कायदा काय विचारतो?

भारतात फौजदारी प्रकरणे देशाच्या कायद्यानुसार चालतात आणि त्याचे पालन आपल्यावर बंधनकारक आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 84 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 22 म्हणून लागू आहे. त्याचा आशय असा : कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा आपण करतो ते गैर वा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. या कलमाचे मूळ 1843 मधील इंग्लंडच्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी आपला छळ करीत आहेत असा त्याचा भ्रम होता. तो निर्दोष ठरला, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी नियम स्पष्ट करून दिले.

येथेही 'करतेवेळी' हाच शब्द कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे की, वैद्यकीय दृष्टीने मनोरुग्ण असणे वेगळे आणि कायद्याच्या दृष्टीने मनोविकल असणे वेगळे. नैराश्य, चिंता, संतापी स्वभाव किंवा निव्वळ विक्षिप्तपणा यांनी उत्तरदायित्व संपत नाही. 1964 मध्ये गुजरातमधील एका खटल्यात न्यायालयाने सांगितले की, घटनेपूर्वीचे, घटनेच्या वेळचे आणि घटनेनंतरचे वर्तन एकत्र पाहावे. मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र 'असे असणे अधिक संभवते' इतके दाखवणे त्याला पुरेसे आहे. त्या खटल्यात असा पुरावा उभा राहिला नाही व शिक्षा कायम राहिली.

याउलट 2002 चा महाराष्ट्रातील खटला पाहा. एका पोलीस शिपायाने 1994 मध्ये पत्नीची हत्या केली होती. सर्वोच्च न्यायालयाने पुढील गोष्टी लक्षात घेतल्या : त्याच्या वडिलांनाही मनोविकार होता; 1992 पासून त्याच्यावर उपचार चालू होते; निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे होते; घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावे लागले; हत्येचे कारण क्षुल्लक होते; आणि दिवसाढवळ्या कृत्य करूनही त्याने लपण्याचा वा पळण्याचा प्रयत्न केला नाही. तो निर्दोष सुटला. यांतील बहुतेक गोष्टी उपचाराच्या कागदांनीच सिद्ध झाल्या होत्या, हे विसरू नये.

तपासणी कशी होते?

न्यायालय तज्ज्ञाकडे दोन भिन्न प्रश्न सोपवू शकते. पहिला आजचा : आरोपी खटला समजून स्वतःचा बचाव करू शकतो काय? नसेल तर खटला थांबतो व उपचार होतात. दुसरा कालचा : कृत्याच्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती? दुसरा अधिक अवघड आहे, कारण तज्ज्ञाला महिन्यांपूर्वीच्या, कधी वर्षांपूर्वीच्या एका क्षणाची मांडणी पुन्हा करावयाची असते.

त्यासाठी आरोपीला बहुधा मनोरुग्णालयाच्या कक्षात ठेवून निरीक्षण केले जाते. तज्ज्ञ आरंभीच सांगतात की, मी येथे उपचार करणारा डॉक्टर नाही. तुम्ही सांगाल ते न्यायालयापुढे जाऊ शकते. मग अनेक मुलाखती होतात. कुटुंबीय, शेजारी व सहकारी यांच्याकडून माहिती घेतली जाते. जुने औषधपत्र, पोलिसांचे कागद आणि साक्षीदारांचे जबाब तपासले जातात. फेफरे, डोक्याला मार, मेंदूचा आजार, नशा यांची पडताळणी होते. शस्त्र आधी आणले होते काय, पुरावा लपवला काय, पळ काढला काय, हेही पाहिले जाते. तथापि भ्रमाने ग्रासलेला माणूसही योजना आखू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निष्कर्ष काढत नाहीत.

वेडाचे सोंग ओळखण्यात निरीक्षणाचा मोठा उपयोग होतो. सोंग घेणारा डॉक्टरांसमोर विचित्र वागतो आणि पाठ फिरताच सरळ होतो. परिचारिकांच्या रात्रंदिवस ठेवलेल्या नोंदी त्याला उघडा पाडतात. खरा रुग्ण पुष्कळदा उलट वागतो : 'मला काहीही झालेले नाही' असेच तो सांगत राहतो. अखेरीस तज्ज्ञ अहवाल देतात. निवाडा मात्र न्यायाधीशच करतात.

मृताचा हक्क संपत नाही

येथे अनेकांची समजूत अपुरी राहते. लेखणी उचलली गेली याचा अर्थ पाप लिहिले गेले नाही आणि किसास नाही. सांडलेले रक्त मात्र कवडीमोल झाले नाही. मनोविकलाने हेतुपुरस्सर केल्यासारखे दिसणारे कृत्यही हनफी फिकह 'खता', म्हणजे चुकून घडलेले, मानते. चुकून झालेल्या हत्येत मृताच्या वारसांना दियत द्यावी, असा कुरआनचा आदेश आहे (अन्-निसा, 92). ही दियत हनफी मतानुसार 'आकिला'वर, म्हणजे त्याच्या पाठीशी उभ्या असणाऱ्या नातेवाईक-समूहावर येते. त्याने कोणाची मालमत्ता नष्ट केली तर भरपाई त्याच्या स्वतःच्या मालातून द्यावी लागते. कोकणातील शाफई बांधवांच्या मजहबमध्ये दियतच्या तपशिलांत मतभेद आढळतील. परंतु किसास नाही आणि वारसांचा हक्क बुडत नाही, हे तत्त्व तेथेही आहे.

देशाच्या कायद्यानेही हे दोन्ही पक्ष सांभाळले आहेत. असा आरोपी निर्दोष सुटला तरी कृत्य त्याने केले होते की नाही हे निकालात नमूद करावे लागते आणि मग त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवले जाते किंवा योग्य हमीवर नातेवाइकांच्या हवाली केले जाते. पीडित कुटुंबाचे पुनर्वसन आवश्यक वाटल्यास, आरोपी सुटला तरीही, न्यायालय नुकसानभरपाईची शिफारस करू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे याची विचारणा करावी.

वेड पांघरणे आणि वेड लपवणे

मराठीत 'वेड पांघरून पेडगावला जाणे' असा वाक्प्रचार आहे. शिक्षा चुकवण्यासाठी घरातील गुन्हेगाराला वेडा ठरवणे, खोटे दाखले मिळवणे, 'याला लहानपणापासूनच असे होते' असे शपथेवर सांगणे हे खोट्या साक्षीचे महापाप आहे. साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहा, असा कुरआनचा आदेश आहे (अन्-निसा, 135).

परंतु आपल्या समाजात याच्या उलट दोष अधिक आढळतो, तो म्हणजे आजार लपवणे. मुलाला भास होतात, तो रात्ररात्र जागतो, जेवणात विष घातले आहे म्हणून आईवर संशय घेतो. तरी बहिणीच्या लग्नाला अडचण नको म्हणून घरचे गप्प राहतात. आमिलांच्या दारी वर्षे निघून जातात आणि डॉक्टर शेवटी आठवतो. दुआ व रुकया यांना शरीअतमध्ये स्थान आहे, पण प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचीही शिकवण दिली आणि प्रत्येक रोगावर अल्लाहने औषध उतरवले असल्याचे सांगितले. मुस्लिमांच्या इतिहासात कैरोचे 1284 मधील मन्सूरी रुग्णालय आणि अलेप्पोचे 1354 मधील अरगूनी रुग्णालय येथे मनोरुग्णांवर उपचार होत असत. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे हे ईमानाची उणीव दर्शवत नाही.

मनोरुग्णांपैकी बहुसंख्य कोणालाही इजा करीत नाहीत. प्रत्येकाकडे भयाने पाहणे हा अन्याय होय. परंतु उपचारावाचून राहिलेल्या थोड्या प्रकरणांत अनर्थ घडतो आणि मग लपवणाऱ्या घरावर दुहेरी आपत्ती येते : एक निष्पाप जीव जातो, आणि खऱ्या रुग्णाला त्याचा आजार सिद्ध करता येत नाही, कारण त्याच्यापाशी एकही कागद नसतो.

पाठाचा सारांश

1. लेखणी अवस्थेपुरती उचलली जाते. म्हणून कृत्याच्या क्षणाची चौकशी अनिवार्य आहे.
2. चौकशीवाचून 'वेडा' म्हणणे आणि चौकशीवाचून 'नाटकी' म्हणणे, दोन्ही अन्याय आहेत.
3. शिक्षा टळली तरी पीडितांचा हक्क टळत नाही. त्यांच्या घरी जाणे, त्यांना आधार देणे हे आरोपीच्या कुटुंबाचे कर्तव्य आहे.
4. घरात लक्षणे दिसताच तज्ज्ञाकडे जावे. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 'टेली-मानस'च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सर्व कागद जपून ठेवावेत.
5. तज्ज्ञाने किंवा न्यायालयाने विचारल्यास जे पाहिले तेवढेच सांगावे. त्यात न भर घालावी, न काही गाळावे.

ज्यांना आपला कारभार सांभाळता येत नाही त्यांना खाऊ घाला, वस्त्र द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला, अशी शिकवण अन्-निसाच्या 5 व्या आयतीत आहे. आपल्या घरातील आजारी जिवाशी आपले वर्तन या आयतीच्या कसोटीवर तपासून पाहावे. अल्लाह आपल्या बुद्धीचे रक्षण करो, रुग्णांना शिफा देवो, पीडितांना सब्र व न्याय देवो आणि सत्य साक्ष देण्याचे धैर्य आपणा सर्वांना लाभो. आमीन.