एकचक्रेतील पाच भिक्षेकरी

जळगाव जिल्ह्यात अंजनी नदीच्या काठी एरंडोल हे गाव वसलेले आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, असे खानदेशात परंपरेने मानतात. गावातील एका जुन्या दगडी वास्तूस पांडववाडा असे नाव आहे. तीत आज मशीद आहे. जवळच पद्मालय येथे गणपतीचे देवालय आहे. त्या रानात भीमाने बकासुरास मारिले, असे तेथील लोक सांगतात. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातही एकचक्रा नावाचे गाव आहे व तेथील लोकही हा मान आपल्या गावाकडे घेतात. कथा मात्र एकच आहे.

वारणावतातील लाक्षागृहात पांडवांस जाळून मारावे, असा दुर्योधनाचा बेत होता. विदुराने वेळीच सावध केल्यामुळे कुंती व तिचे पाच पुत्र भुयारातून निसटले. पांडव जळून मेले, असे जगास वाटले. तसेच वाटत राहावे, यातच त्यांचे कुशल होते. म्हणून त्या तरुण राजपुत्रांनी जटा वाढविल्या, वल्कले नेसली आणि व्यासांच्या सांगण्यावरून ते एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले. राजवाड्यात वाढलेली ती मुले आता भिक्षेसाठी दारोदार हिंडू लागली. मिळालेल्या अन्नापैकी अर्धे भीमास आणि उरलेले अर्धे बाकीच्या पाच जणांस, अशी वाटणी होई.

एके दिवशी भीम तेवढा घरी होता. इतक्यात घरधन्याकडून रडण्याचा आवाज आला. कुंतीने जाऊन चौकशी केली. नगराजवळ राहणाऱ्या बकासुरास गाडाभर भात, दोन रेडे व एक माणूस पाळीपाळीने द्यावा लागे. आज पाळी त्या घराची होती. बाप म्हणे मी जातो, आई म्हणे मी, मुलगी म्हणे मी! लहानगा मुलगा तर हाती गवताची काडी घेऊन राक्षसास मारावयास निघाला. त्या दुःखातही सर्वांस क्षणभर हसू आले.

कुंती म्हणाली, "मला पाच मुलगे आहेत. त्यांतील एक जाईल." अतिथीचा बळी देण्यास ब्राह्मण तयार होईना. तेव्हा आपल्या मुलाचे सामर्थ्य सांगून तिने त्याचे मन वळविले. पण ही गोष्ट कोणास कळू न देण्याचे वचन घेतले. भिक्षेहून परतलेल्या धर्मराजास हे मुळीच रुचले नाही. भीमावरच सर्वांची भिस्त होती. परंतु कुंतीने त्यास समजाविले, की ज्याने आसरा दिला, त्याचे ऋण घेतले त्याहून अधिक करून फेडावे.

भीम गेला. राक्षसासाठी नेलेला भात त्याने स्वतःच फस्त केला व नंतर घनघोर युद्ध करून बकासुरास ठार केले. त्याचे प्रेत नगराच्या वेशीपाशी टाकून तो कोणाच्या नजरेस न पडता घरी आला.

सकाळी लोकांनी ब्राह्मणास गाठले. एका मंत्रज्ञ ब्राह्मणास आपली दया आली, एवढेच तो बोलला. राजपुत्रांनी आपले नाव लपविले, पण कर्तव्य टाळले नाही. आणि त्या गृहस्थाने दिलेला शब्द मोडला नाही.

स्वाध्याय
१. पांडवांनी वेष का पालटला?
२. धर्मराजास कुंतीचा निश्चय का रुचला नाही?
३. ब्राह्मणाने भीमाचे नाव सांगितले असते, तर काय झाले असते?