ज्ञानगंगेतल्या चोरवाटा

बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो. हेच ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे सागाचं रान मी बरीच वर्षं बघतो आहे. अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत घुसणाऱ्या पायवाटा वाढल्यात. त्या बघून जे कळलं, ते हे.

१. वाट पडते चटकन, बुजते सावकाश. दहा-बारा जणांचा एक गट गेला की सागाचा वाळका पाचोळा चुरा होऊन खालचा मुरूम उघडा पडतो. आषाढात उतारावरचं पाणी नेमकं तीच रेघ धरतं आणि तिची घळ होते. मागून येणाऱ्याला वाटतं, वाट आहे म्हणजे जाता येतं. मग दुचाकी येते, तिच्या मागे कधी कुऱ्हाडही येते. सागचोराला अशी आयती वाट मिळाली तर तो कशाला नाही म्हणेल?

२. हे जंगल आधी अस्वलांचं आहे. लोक इथे बिबट्याच्या भीतीने इकडेतिकडे बघत चालतात. मला धास्ती असते ती अस्वलाची. वारूळ उकरताना त्याचं तोंड मातीत खुपसलेलं असतं. वाळवी ओढून घेताना ते इतका मोठा आवाज करतं की माणूस जवळ आला तरी त्याला पत्ता लागत नाही. नजर तशीही अधू. दचकलं की पळण्याऐवजी थेट अंगावर येतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर हमखास. म्हणून वारूळ फुटलेलं दिसलं, उकरलेली माती अजून ओलसर असली, कडेला नखांचे लांब ओरखडे असले, तर फोटो काढत बसू नये, आल्या पावली फिरावं. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, त्यावरून भलेभले फसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे अस्वल झाडाखाली असतं. आपली ‘सूर्योदय ट्रेक’वाली मंडळीही नेमकी त्याच वेळी निघतात.

३. गुराख्याची वाट आणि हौशी माणसाची वाट यांना एकाच मापाने मोजू नये. मोह वेचणारी बाई पोटासाठी जाते. कुठल्या नाल्यात थांबायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिची सरपणाची मोळी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. स्पीकर घेऊन आत गेलेल्या टोळक्याकडे काणाडोळा होतो. हे मला पटत नाही.

४. टी-१ सी-१ हा वाघ २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघाला आणि तेराशेवर किलोमीटर चालून त्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हा प्रवास कळला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो आला, तोही बहुतेक रात्रीच. एवढी तंगडतोड करून आलेल्या जनावराला निवांतपणा मिळावा अशी जागा आपल्या जिल्ह्यात फार थोडी आहे. तिच्यातून आणखी वाटा काढल्या तर राहील काय?

५. पायवाटेपेक्षा मोबाइलमधली वाट वाईट. पावलांची वाट चार गावांना माहीत होते. नकाशावर टाकलेला ट्रॅक पुण्या-मुंबईपर्यंत जातो आणि पावसाळ्यातही पुसला जात नाही. पाणवठ्याची किंवा गुहेची नेमकी जागा तर टाकूच नये.

६. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ तासभर बसलं तर आपल्याला काहीच दिसत नाही. झाडीत थबकलेलं भेकर मात्र तेवढा वेळ तहानलेलं राहतं.

७. कायदा साधा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातल्या सार्वजनिक रस्त्याने जाता येतं. तो सोडून आत शिरायला परवाना लागतो. आग लावायला कलम ३० ची मनाई आहे. चहासाठी पेटवलेली चूलसुद्धा त्यातच धरावी, कारण चैत्रात हा पाचोळा नुसत्या ठिणगीची वाट बघत असतो.

जंगल बघायचंच असेल तर रीतसर परवाना काढा, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. त्याच्या घरातही चार पैसे जातील. आणि बोथ्याच्या घाटातून जाताना कुठे धूर दिसला, तर गाडी पुढे दामटण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.